डोलीत येणारे प्लास्टिक

वसईच्या पाचूबंदरला डोल उपसताना उभे राहिले की समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल वेगळे काही वाचावे लागत नाही. डोल हे जाळे ओढत नेत नाहीत. खुंटांना बांधून प्रवाहात उभे करतात आणि भरती-ओहोटीचे पाणी त्यातून वाहू देतात. पाण्याबरोबर जे येईल ते खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत साठते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आणि त्यांच्यासोबत दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे. निवडायला बसलेल्या बाया आधी प्लास्टिक बाजूला काढतात, मग मासळीला हात लावतात. जवळ्यात तर पिशवीचा नखाएवढा तुकडाही बोटांनी शोधावा लागतो. त्या वेळेची मजुरी कोणी देत नाही.

✳

बाजूला काढलेले प्लास्टिक जाते कुठे? बोटीवर जागा नसते, बंदरावर ते घ्यायला कोणी नसते. मग ते पुन्हा पाण्यात जाते आणि पुढच्या भरतीला दुसऱ्या कोणाच्या तरी डोलीत शिरते. समुद्रातून एकदा वर आलेला कचरा आपण पुन्हा समुद्रात जाऊ देतो, याचे मला फार वाईट वाटते. तो वर काढण्याचा खर्च नाखव्याने आधीच केलेला असतो. डिझेल त्याचे, माणसे त्याची.

✳

वसईच्या उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला उल्हासची. उल्हास नदी बदलापूर, कल्याण करत येते. वालधुनी अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी घेऊन तिला मिळते. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्यांवर पावसाळ्यातल्या उधाणाला जो थर चढतो, त्यात आपल्या नाल्यांचा वाटा आहेच. पण वरच्या शहरांचाही आहे. किनाऱ्यावरच्या गावांनी कितीही झाडले तरी हे एकट्यादुकट्या गावाचे काम नाही.

✳

नायगाव-भाईंदर पूल. लोकल खाडीवर आली की दारातून निर्माल्याच्या पिशव्या आणि नारळ खाली भिरकावले जातात. खाली पाणजू बेट आहे आणि तिथले गावकरी त्याच रेल्वेपुलावरून चालत ये-जा करतात. २०२५च्या सप्टेंबरात असाच एक नारळ लागून पाणजूच्या एका तरुणाचा जीव गेला. फुले पाण्यात कुजतात, पिशवी कुजत नाही. देवाला वाहिलेले फूल प्लास्टिकमध्ये बांधून धावत्या गाडीतून फेकण्यात भक्ती नाही.

✳

किनाऱ्यावर काय उरते ते नीट पाहावे. पाण्याच्या बाटल्या त्या मानाने कमी सापडतात, कारण भंगारवाला त्यांचे पैसे देतो. उरतात ती चकचकीत पाकिटे, थर्माकोलचे तुकडे, चपला. पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकत्र चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून कोणी उचलत नाही. ज्याला भाव आहे ते वेचले जाते. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

✳

डोळ्यांना दिसतो तो सगळा कचरा नव्हे. बूच लावलेली बाटली तरंगते. बूच निघाले की पाणी भरून तळाला जाते. नायलॉनची तुटकी जाळीही बुडतात आणि तळाशी मासे, खेकडे अडकवत राहतात. किनारा लख्ख दिसतो तेव्हाही तळ तसाच असतो.

✳

वर्सोव्याचे उदाहरण सगळे देतात. ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह यांनी तिथे सफाई सुरू केली, दर आठवड्याला लोक जमू लागले, आणि मार्च २०१८मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली. त्याच मोहिमेची आणखी एक आठवण कमी सांगितली जाते. नोव्हेंबर २०१७मध्ये ती थांबवावी लागली होती, कारण जमवलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता आणि स्वयंसेवकांना त्रास दिला जात होता. पुढे ती पुन्हा सुरू झाली. लोक गोळा करतील, पण नेणारी गाडी आलीच पाहिजे.

✳

समुद्रातल्या प्लास्टिकसह सगळ्याच प्लास्टिक प्रदूषणावर जागतिक करार करायचा, असे २०२२च्या मार्चमध्ये नैरोबीत ठरले. २०२४च्या अखेरीस बुसानला आणि ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हाला देश जमले, दोन्ही वेळा करार न होताच उठले. त्यांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

✳

केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुळंगरा-नींडकरा बंदरांवर २०१७मध्ये साधी व्यवस्था उभी राहिली. बोटींना पिशव्या दिल्या, जाळ्यात येणारे प्लास्टिक परत आणायला सांगितले, बंदरावरच ते धुऊन त्याचे तुकडे करायचे यंत्र बसवले. तिथे कोळी घरांतल्या बायांना काम मिळाले आणि तुकडे रस्त्याच्या डांबरात गेले.

आपल्या राज्यातही पाया आहे. जाळे कापून कासव, डॉल्फिन असे संरक्षित जीव सोडून देणाऱ्या मच्छीमाराला सरकार २०१८च्या अखेरीपासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. समुद्रासाठी सोसलेल्या नुकसानीचे पैसे द्यायचे, हे तत्त्व सरकारने मान्य केलेले आहे. तेच डोलीतल्या प्लास्टिकला लावावे. पाकिटे, पिशव्या, तुटकी जाळी, जे येईल ते किलोवर घ्यावे, पैसे मच्छीमार सोसायटीमार्फत द्यावेत. पाकिटे विकणाऱ्या कंपन्यांवर कचऱ्याची जबाबदारी कायद्याने आहेच. खर्च तिथून काढावा.

रविवारी किनारा साफ करायला जाणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. जात राहा, पण पुढच्या वेळी बंदरावर थांबून तांडेलांशी बोला आणि त्यांच्यासोबत महापालिकेत जाऊन ही मागणी लेखी द्या. पाचूबंदर आणि अर्नाळा, या दोन ठिकाणी एक-एक वजनकाटा आणि रोज येणारी एक गाडी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.