चौदा बटणे

लहान मुलांना घेऊन दूरचा प्रवास करावयाचा ठरला, की घरातील मोठ्या माणसांना तिकिटे आणि सामान यांच्या खालोखाल एकच चिंता लागते. वाटेत मुलांना रमवायचे कसे? या चिंतेच्या मुळाशी बहुधा अशी इच्छा असते, की मुलांना प्रवास जाणवूच नये. त्यांनी काहीतरी पाहत, काहीतरी खात बसावे आणि डोळे उघडावेत तो मुक्काम आलेला असावा. चार दिवसांच्या सहलीला हे ठीक आहे. परंतु काही प्रवास असे असतात, की ते मुलांना जाणवावेच लागतात. 2019 च्या मे महिन्यात जबलपूरच्या राइट टाउनमधील आमच्या घरातून आम्ही निघालो, तो प्रवास अशांपैकी होता.

माझा मुलगा दोन वर्षांपूर्वीच नोकरीनिमित्त अमेरिकेतील फिलाडेल्फिया या शहरी गेला होता. आता सूनबाई आणि दोन्ही मुले कायमची तिकडे निघाली होती. सोबत म्हणून मी तीन महिन्यांकरिता जाणार होते. दम्याच्या त्रासामुळे यजमान घरीच राहणार होते. नात नऊ वर्षांची, नातू पाच वर्षांचा. वडील गेले तेव्हा तो अवघा तीन वर्षांचा होता. त्याच्या आठवणीतले वडील म्हणजे रोज रात्री दूरध्वनीच्या पडद्यावर दिसणारा एक चेहरा. निघण्याच्या आठवडाभर आधी मी तांदूळ निवडीत बसले होते. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “आजी, बाबांना पाय आहेत का?”

मला हसू आले. पण ते ओठांवरच थांबले. दोन वर्षांत त्याने वडिलांना छातीच्या खाली कधी पाहिलेच नव्हते.

प्रवासाची वार्ता शेजारीपाजारी पसरताच सल्ल्यांचा वर्षाव झाला. बहुतेकांचे मत एकच पडले : फोनमध्ये भरपूर चित्रपट भरून ठेवा, मुले हूं की चूं करणार नाहीत. सूनबाईंनी तसे भरूनही ठेवले आणि त्याला मी हरकत घेतली नाही. थकलेल्या आईला तासभर डोळा लागावा म्हणून मुलांना पडद्यापुढे बसविण्यात मला काही पाप दिसत नाही. मात्र एक विचार मनातून जाईना. ज्या चौकटीत या मुलाचे वडील राहतात, त्याच चौकटीकडे पाहत त्याने सारी वाट काढली, तर दूर म्हणजे किती दूर हे त्याला कधी कळणार? राइट टाउनचे घर मागे पडले, हे तरी कसे कळणार? घर एका बाजूला आणि बाबा दुसऱ्या बाजूला, यांच्यामध्ये खरोखरीची जमीन आणि खरोखरीचे पाणी आहे, हे त्याच्या अंगातून जावयास हवे होते.

नातीला सोबत सागरगोटे न्यायचे होते. पण बिया परदेशात नेण्यावर निर्बंध असतात, म्हणून सागरगोटे घरीच राहिले. त्यांच्या जागी मी माझा बटणांचा डबा काढला. जुना सदरा फाटला, की त्याची बटणे कापून डब्यात टाकण्याची माझ्या पिढीतील बायकांना सवय असते. त्यात मुलाच्या शाळेच्या गणवेशाची बटणेही होती. त्यांतली मूठभर मी निवडून घेतली. (तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती मात्र बटणे कधी देऊ नयेत, ती केव्हा तोंडात जातील याचा नेम नसतो.)

प्रवासाचा पहिला टप्पा आगगाडीचा, जबलपूर ते मुंबई, सुमारे एक हजार किलोमीटर. यजमानांचा जन्म रेल्वेच्या नोकरीत गेला. त्यांनी नातीला वाटेतील स्थानकांची यादी स्वतःच्या वळणदार अक्षरांत लिहून दिली : मदनमहाल, नरसिंहपूर, करेली, गाडरवारा, पिपरिया, इटारसी, खंडवा, बऱ्हाणपूर, भुसावळ... प्रत्येक नावापुढे एक चौकोन होता. स्थानक मागे पडले, की चौकोनात फुली मारायची. ही यादी देताना त्यांनी मुलांना सांगितले, की 1870 साली मुंबईकडून आलेला आणि अलाहाबादकडून आलेला असे दोन लोहमार्ग आपल्या जबलपुरात एकमेकांना मिळाले, म्हणून मुंबईहून थेट कलकत्त्यापर्यंत आगगाडीने जाता येऊ लागले. पुढे तीनच वर्षांत ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची कादंबरी पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातील प्रवासीही मुंबईहून कलकत्त्याकडे रेल्वेनेच निघतात. नातीला याचा मोठा अभिमान वाटला. धाकट्याला त्यातले काय कळले कोण जाणे. आजोबा फलाटावरच थांबणार आहेत, एवढे मात्र गाडी हलल्यावर कळले आणि त्याने भोकाड पसरले.

अशा वेळी घाईघाईने फोन पुढे करण्याचा मोह होतो. सूनबाईंचा हात पिशवीकडे गेलाही होता. मी त्याला मांडीवर घेतले आणि रडू दिले. जे सुटत आहे ते सुटताना रडू येणारच. त्यावर उतारा कशाला हवा? मदनमहाल आले, गेले. नातीने पहिली फुली मारली. भेडाघाटच्या पुढे गाडी नर्मदेच्या पुलावर चढली. पुलाचा आवाज बदलला तसा तो रडे थांबवून खिडकीशी उभा राहिला आणि आम्ही करतो तसे त्याने हात जोडले. “अमेरिकेत नर्मदा आहे?” त्याने विचारले. नाही म्हणून सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मी त्याला काही गोड उत्तर दिले नाही.

नंतर गावांच्या भेंड्या सुरू झाल्या. गावाचे शेवटचे अक्षर घेऊन पुढचे गाव सांगायचे. या खेळात आमच्या प्रदेशाची एक अडचण आहे. अर्धी गावे ‘पूर’ने संपतात आणि फिरून ‘र’ येतो. रायपूर, रामपूर, रतनपूर सांगून झाले, तरी ‘र’ हटेना. शेवटी धाकटा मोठ्या विजयाने ओरडला, “राइट टाउन!” नातीने तत्काळ निवाडा दिला, “ते चालत नाही. ते गाव नाही, मोहल्ला आहे.” मोठ्या बहिणींचे न्यायदान फार कठोर असते. तो रुसला आणि खोव्याची जिलेबी हाती पडेपर्यंत बोलला नाही. आमच्या मराठीत ‘मोहल्ला’ असे शब्द येतात, याला पुण्याकडचे आप्त हसतात. मला त्यात लाजण्यासारखे काही वाटत नाही. ज्या गावचे पाणी, त्या गावची थोडी बोली.

मुंबईहून दोहापर्यंतचे उड्डाण साडेतीन तासांचे आणि रात्रीचे. त्याविषयी सांगण्यासारखे फार नाही. विमान चढताना आणि उतरताना कान दडपतात. घशातून मध्यकर्णाकडे जाणारी नळी गिळण्याच्या क्रियेने उघडते, म्हणून त्या वेळी मुलांना काहीतरी चघळावयास द्यावे. आम्ही आवळासुपारी दिली. दोहाच्या विमानतळावर सुमारे सात मीटर उंचीचे एक पिवळे अस्वल बसविलेले आहे. ते उर्स फिशर या स्विस कलावंताने घडविले आहे. त्याच्या डोक्यावर भला मोठा दिवा आहे. लोक त्याच्यापुढे छायाचित्रे काढीत होते. नातवाने त्याला खालून वर न्याहाळले आणि म्हणाला, “हा पण कंटाळलाय.”

खरी कसोटी पुढे होती. दोहा ते फिलाडेल्फिया सुमारे चौदा तास. पाच वर्षांच्या मुलाला चौदा तास म्हणजे काय ते कसे सांगावे? त्याच्या लेखी ‘आत्ता’ आणि ‘उद्या’ या दोनच वेळा. मी त्याच्या पुढ्यात चौदा बटणे मांडली आणि बुटाची एक नवी नाडी दिली. ताईच्या घड्याळात एक तास झाला, की एक बटण ओवायचे. सगळी बटणे नाडीत गेली, की बाबा. कोणते बटण आधी, कोणते नंतर, हे त्याने ठरवायचे. त्या निवडीतच पहिली वीस मिनिटे गेली. प्रत्येक बटणाची चौकशी झाली. “हे कुणाचं?” “तुझ्या बाबांच्या शाळेच्या सदऱ्याचं.” “बाबा शाळेत जात होते?” मग शाळेची हकीकत, मग ते बटण कुस्तीत कसे तुटले त्याची हकीकत. बटणावरून सदरा, सदऱ्यावरून माणूस असे करीत चौकटीतल्या त्या चेहऱ्याला हळूहळू हात, गुडघे, खरचटलेली कोपरे फुटू लागली.

आम्ही पश्चिमेकडे जात होतो, म्हणून दिवस मावळतच नव्हता. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते आणि आमचे विमान जणू सूर्याच्या मागोमाग धावत होते. नातीने आपले घड्याळ जबलपूरच्या वेळेवरच ठेवले होते. “आजी, आता आजोबांनी दिवे मालवले असतील,” ती मध्येच म्हणे, आणि खिडकीबाहेर लखलखीत ऊन असे. समोरच्या छोट्या पडद्यावर मुलांनी दोन चित्रपट पाहिले, पण त्यांना सर्वांत आवडला तो नकाशा. एक इवलेसे विमान युरोप ओलांडून निळ्या अटलांटिक महासागरावरून मुंगीच्या गतीने सरकत होते. धाकटा त्याच्यावर बोट ठेवून बसे.

नवव्या बटणापाशी दोघेही कातावली. भूक नाही, झोप नाही, भांडण मात्र आहे, अशी ती वेळ. तेव्हा मी त्यांना मनोरमाची गोष्ट सांगितली. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. आणि 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो समारंभ पाहावयास मायलेकी जहाजाने अमेरिकेला आल्या. कोणत्या शहरी? फिलाडेल्फियाला! मनोरमाला तेव्हा पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. “तिच्याकडे किती बटणं होती?” नातवाने विचारले. जहाजाला तासांची नव्हे, दिवसांची बटणे लागली असती, असे मी सांगितले. ती बिचारी बोटीवर काय खेळत असेल, यावर दोघांनी पुष्कळ तर्क लढविले आणि भांडण विसरले. पुढे आई अमेरिकेत राहिली आणि मनोरमाला इंग्लंडला परत पाठविण्यात आले, हा भाग मात्र मी त्या दिवशी सांगितला नाही.

चौदावे बटण ओवले तेव्हा विमान खाली येऊ लागले होते.

तपासणीच्या रांगांतून बाहेर येण्यास दीड तास लागला. मुलगा कठड्यापाशी उभा होता. नात धावत गेली. धाकटा माझ्या पदराआड उभा राहून वडिलांच्या बुटांकडे पाहत राहिला. मुलाने हात पुढे केले, तरी तो हलेना. माझ्या मुलाच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी थांबले. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने धाकट्याने ती बटणांची नाडी वडिलांच्या हातात ठेवली आणि पुन्हा पदराआड आला.

मोटारीत कोणाला काय बोलावे सुचेना. बाहेर रुंद रस्ते आणि न मावळणारे तेच ऊन होते. तेव्हा नात म्हणाली, “बाबा, आम्ही गावांच्या भेंड्या खेळतो. नरसिंहपूर. तुमच्यावर ‘र’ आलाय.”

मुलाने क्षणभर विचार केला. “राइट टाउन,” तो म्हणाला.

“ते चालत नाही, बाबा!” मागच्या आसनावरून धाकटा ओरडला. “ते गाव नाही, मोहल्ला आहे!”

मुलाने आरशातून मागे पाहिले आणि दुसरे नाव शोधू लागला. त्याला बराच वेळ लागला. मग त्याने रतलाम सांगितले आणि ‘म’ माझ्यावर आला.