बारा वर्षांपासून

भाषांतरातल्या चुकांवर मी गेली अनेक वर्षे वर्गात बोलतो आहे. माझ्याच एका भाषांतराची किंमत २,१८,००० रुपये ठरली होती, ही हकीकत मात्र विद्यार्थ्यांना अजून सांगितलेली नाही.

सप्टेंबर २०२२ मधली पहाट. आईला पुण्यातल्या एका रुग्णालयात नेले होते. निवासी डॉक्टर आंध्रातला, तरुण, रात्रपाळीने पेंगुळलेला. धाप कधीपासून लागते, असे त्याने इंग्रजीत विचारले. मी आईला विचारले. ती म्हणाली, "हे गेले तेव्हापासनंच बघ. जीव कशात लागत नाही, नुसती धाप लागते." बाबा २०१० साली गेले. मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि डॉक्टरला उत्तर दिले, "ट्वेल्व्ह इयर्स." त्याने ते केस पेपरवर लिहिले. केस पेपरवरून ते डिस्चार्ज कार्डावर उतरले. दरम्यान अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, आई घरी आली.

आईची पॉलिसी २०१९ ची. तिच्यात आधीपासूनच्या आजारांसाठी चार वर्षांची प्रतीक्षा होती. कंपनीचे पत्र तीन वाक्यांचे होते: रुग्णास बारा वर्षांपासून त्रास आहे, पॉलिसी घेताना ही माहिती लपवली गेली, सबब दावा नामंजूर. आईने ते माझ्याकडून मराठीत ऐकले आणि पैशांविषयी एक अक्षर न काढता विचारले, "मी काय लपवलं रे?" दुधाच्या रतिबाचा हिशेब चाळीस वर्षे वहीत लिहिणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारावा लागला, याचे कारण मी होतो. रक्कम आम्ही कर्ज काढून भरलीच होती. मला तो शब्द मागे घ्यायला लावायचा होता.

माझा एक जुना विद्यार्थी वकील आहे. मी त्याच्याकडे तडक ग्राहक आयोगात जाण्याच्या तयारीने गेलो. त्याने मला बसवले. ग्राहक संरक्षण कायद्याने तो रस्ता दोन वर्षे खुला आहे, म्हणाला, आणि आधी दुसरीकडे जाऊन या अशी अटही त्यात नाही. पण एकदा तिथे गेलात, की विमा लोकपालांचे दार तुम्हाला बंद. उलट लोकपालांकडे आधी गेलात आणि निवाडा पटला नाही, तर आयोग उरतोच. निवाडा कंपनीला बांधतो, तुम्हाला नाही. मात्र लोकपालांकडे जाण्यापूर्वी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागायची, आणि उत्तर आले नाही तर महिनाभर थांबायचे. म्हणजे ज्याने नाकारले त्यालाच पुन्हा विचारायचे. मला हे हास्यास्पद वाटले. त्याला वाटले नाही.

अमेरिकेतले माझे मेव्हणे फोनवर हे ऐकून हसले. तिथे नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्याला १९७४ चा एरिसा कायदा लागू आहे. योजनेतली अपिले पुरी केल्याशिवाय न्यायालय सहसा उभे करीत नाही. हा दंडक कायद्याच्या कलमात लिहिलेला नाही, न्यायालयांनी तो निकालांतून घडवला. अपिलाला किमान १८० दिवस मिळतात. ते दिवस मात्र जपून वापरावे लागतात, कारण पुढे न्यायाधीश बहुधा अपिलाच्या वेळी जमलेली फाइलच पाहतो. जो कागद तेव्हा जोडला नाही, तो नंतर आत येणे कठीण. या पायऱ्या चढून संपवण्याला तिथल्या कायद्याच्या भाषेत 'एक्झॉस्ट' करणे म्हणतात. माणूस दमतो त्यालाही तोच शब्द. मराठीत 'उपाय संपवणे' म्हटले की अर्थ पोचतो, दमणूक गळून पडते.

मेव्हण्यांच्या त्या फाइलीचा मला उपयोग झाला, पण उशिरा. तक्रार निवारण अधिकाऱ्याला मी चार पानी पत्र आधीच पाठवले होते. 'तेव्हापासून' हे मराठीत केवळ कालवाचक नसून दुःखाचा आरंभबिंदू सांगणारे अव्यय कसे ठरते, याचे त्यात विवेचन होते. चर्चासत्रात ते बरे गेले असते. दोन ओळींचे उत्तर आले: पूर्वीच्या निर्णयात बदल नाही. वकिलाने माझे पत्र वाचले आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, निबंध नको. कागद द्या."

कागद शोधण्यात दिवाळी गेली. आईच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात २०१६ सालच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची फाइल निघाली. तिच्यात शस्त्रक्रियेपूर्वीचा ईसीजी आणि फिजिशियनचा दाखला. दोन्ही निर्दोष. हृदयरोगतज्ज्ञांनी मूळ नोंद बदलण्यास साफ नकार दिला, आणि ते योग्यच होते. पण त्यांनी स्वतंत्र पत्र दिले: सविस्तर विचारणा करता श्रमाने धाप लागण्याचा त्रास दाखल होण्यापूर्वी तीन आठवड्यांचा आढळला. मी माझ्या भाषांतराविषयी एक पानाचे प्रतिज्ञापत्र केले. विशेषणे काढून टाकली.

विमा लोकपाल ही यंत्रणा १९९८ च्या नियमांनी आली. आता २०१७ चे नियम आहेत. तिथे शुल्क नाही, वकील उभा राहू शकत नाही. पॉलिसी आईची, म्हणून तक्रार आईची. २०२३ च्या उन्हाळ्यात सुनावणी झाली, व्हिडिओवर. इस्त्रीची साडी नेसून आई माझ्या लॅपटॉपसमोर बसली. कंपनीच्या प्रतिनिधीने डिस्चार्ज कार्डावरची ओळ वाचली. समोरून मराठीत प्रश्न आला, "आजी, धाप कधीपासून लागते?"

तिला काय सांगायचे ते मी पढवले नव्हते. वकिलाने बजावूनही पढवले नव्हते. ती म्हणाली, "हे गेले तेव्हापासनं."

माझे हातपाय गार पडले. पलीकडे थोडी शांतता. मग पुन्हा विचारणा झाली, "जिना चढताना?"

"जिना कसला! संध्याकाळी दिवा लावायला बसले की. जिना चढताना लागायला लागली ती त्या गणपतीत."

त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला बसले होते. पुढच्या प्रश्नाची गरज पडली नाही.

निवाडा आमच्या बाजूने आला. न देय बाबी वजा जाऊन १,९६,००० मंजूर झाले आणि तीस दिवसांच्या मुदतीत खात्यात आले. 'लपवले' या शब्दाविषयी निवाड्यात एवढेच होते, की तसा पुरावा नाही. आईला मी ते वाक्य दोनदा वाचून दाखवले. तिने निवाड्याची प्रत त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवली.

गेल्या महिन्यात तिला तपासणीसाठी दुसऱ्या रुग्णालयात नेले. तिथल्या मुलीने हिंदीत विचारले, तकलीफ कब से है? मी तोंड उघडण्याआधी आई उत्तरली, "पंधरा दिन." बाहेर रिक्षात बसल्यावर मी म्हटले, आई, तुला तर त्रास दोन महिन्यांपासून आहे. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "असू दे. लिहून घेतात ते."