कॅसेटची दुसरी बाजू



ही पुस्तिका तुमच्यापैकी काहींच्या हातात छापील रूपात असेल, तर काही जण ती मोबाइलच्या पडद्यावर वाचत असतील. कामावरून परतताना बसमध्ये वाचणाऱ्याला पडदा सोयीचा वाटतो, समासात पेन्सिलीने खुणा करणाऱ्याला कागद. मजकूर मात्र दोन्हीकडे तोच, असे आपण गृहीत धरतो. संगीताच्या बाबतीत मीही पुष्कळ वर्षे असेच गृहीत धरले होते. गाणे तबकडीवर असो, फितीवर असो की संगणकात, फरक केवळ ते ठेवण्याच्या जागेचा! हा समज मला बराच महागात पडला.

आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला तो मी शाळेच्या शेवटच्या वर्गांत असताना. वडिलांनी सीताबर्डीवरून पहिली कॅसेट आणली ती 'कट्यार काळजात घुसली'मधील पदांची. त्या निवडीत रसिकतेइतकाच गावाचा अभिमानही होता. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे आणि खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे लहानाचे मोठे झाले तेही नागपुरातच. वडील ती कॅसेट रोज लावीत नसत. रविवारी सकाळी, अंघोळ झाल्यावर, हात कोरडे करून ते ती डबीतून काढीत. उन्हाळ्यात ती कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, सुती फडक्यात गुंडाळलेली असे. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात खिडकीशी विसरलेली तबकडी पापडासारखी वाकते आणि कॅसेटचे कवच वेडेवाकडे होते, हे नागपूरकराला कोणी शिकवावे लागत नाही.

येथे माझ्यातला भाषाभ्यासक थोडा आडवा येतो, त्याला क्षमा करा. ध्वनिमुद्रिकेची साधने बदलली तशी आपली क्रियापदे कशी बदलली, हे पाहण्याजोगे आहे. तबकडीला जुने लोक 'तवा' म्हणत. तवा 'लावायचा', सुई 'ठेवायची'. कॅसेट आली आणि गाणी 'भरून' मिळू लागली. वहीच्या कागदावर आवडीच्या गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. (हा व्यवहार कायद्यात बसत नव्हता, हे तेव्हा देणाऱ्याच्याही मनात येत नसे आणि घेणाऱ्याच्याही.) आज गाणे मोबाइलमध्ये 'टाकतात'. 'भरणे' या क्रियापदात भांड्याची कल्पना आहे. भांड्याला मर्यादा असते, म्हणून काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा विचार आधी करावा लागतो. 'टाकणे' म्हटले की तो विचार उरत नाही. उलट जुनी साधने गेली तरी 'त्याची सुई तिथेच अडकली' हा वाक्प्रचार, सुई कधीही न पाहिलेल्या मुलांच्या तोंडी सुखाने नांदतो आहे.

साधनाने संगीताचे रूपही घडवले आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून पुढची कित्येक दशके तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. तासभर राग मांडणाऱ्या गवयांना तेवढ्यात बंदिश, आलाप आणि तान बसवावी लागे. १९४८ नंतर दीर्घ तबकडी आली, १९६३ मध्ये कॅसेट आणि १९८२ मध्ये सीडी. संगणकातील फाइलला तर बाजूच नाही, त्यामुळे उठून ती उलटण्याची गरज नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. १९९४ साली पीएच.डी.च्या कामासाठी मी पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत हिंडत होतो. तेथील बोलीत 'ळ'च्या जागी 'र' येतो. डोळ्याला 'डोरा' म्हणतात. माझी आत्याबाई त्याच भागात दिलेली. तिच्याकडे मुक्काम असताना पहाटे ती जात्यावर बसली आणि ओव्या म्हणू लागली. माझ्याजवळच्या कोऱ्या कॅसेट आदल्या दिवशीच संपल्या होत्या. पिशवीत होती ती वडिलांची 'कट्यार', प्रवासात ऐकायला म्हणून न विचारता घेतलेली. विकतच्या कॅसेटवर चुकून मुद्रण होऊ नये म्हणून तिच्या कडेचे दोन चौकोनी खाचे उघडे ठेवलेले असतात. मी वर्तमानपत्राचा तुकडा चुरगळून त्यात कोंबला, दुसरी बाजू लावली आणि कळ दाबली. आत्याबाई वीसेक मिनिटे गायली. अभ्यासासाठी मी ते सारे नंतर एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतले आणि मूळ कॅसेट वडिलांना परत केली. काय झाले ते कळल्यावर त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

प्रबंध झाला, नोकरी लागली. २००८ मध्ये घर बदलताना माझ्या साठेक कॅसेट मी एका दुकानातून एमपी-३ स्वरूपात करवून घेतल्या. सगळा प्रबंध एका अंगठ्याएवढ्या वस्तूत मावला, याचे मला इतके कौतुक वाटले की कॅसेटचे खोके मी भंगारवाल्याला देऊन टाकले. फाइली नीट ऐकल्या त्या नंतर. जागा वाचावी म्हणून त्या फारच दाबून तयार केल्या होत्या. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा लहान आवाज कानाला जाणवत नाही, असे मानून एमपी-३ तो गाळते. गाण्याच्या सामान्य श्रोत्यास, फाइल पुरेशी मोठी असेल तर, हा फरक बहुधा कळतही नाही. पण दाब वाढवला की घर्षणाचे ध्वनी आधी बिघडतात. जात्याची घरघर पाण्याखालून आल्यासारखी झाली होती आणि 'चमचा'तला दंत्य 'च' की 'चार'मधला तालव्य, हे ठरवणे ठिकठिकाणी अशक्य झाले होते. तरी आवाज होता. पाच वर्षांनी संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली, त्या अंगठ्याएवढ्या वस्तूनेही उघडण्यास नकार दिला आणि तोही गेला. तोपर्यंत आत्याबाई जाऊन नऊ वर्षे झाली होती. दुकानदाराचा यात दोष नाही. एकच प्रत ठेवून मूळ वस्तू फेकणारा मी होतो, आणि विद्यार्थ्यांना पुराव्याचे जतन शिकवून पगारही मीच घेत होतो.

यावरून डिजिटल साधनांविरुद्ध मी तक्रार करतो आहे, असे मात्र समजू नका. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाला जोडून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत अनेक भाषा आणि बोलींच्या तबकड्या काढल्या गेल्या. 'उधळ्या पुत्राची' बायबलमधील गोष्ट निरनिराळ्या बोलींत सांगितलेली त्यांत ऐकू येते. माझ्या विद्यार्थिदशेत त्या तबकड्या ऐकण्यासाठी परदेशी जावे लागले असते. आज गडचिरोलीतील विद्यार्थिनी त्या मोबाइलवर ऐकू शकते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून मिळवलेल्या जात्यावरच्या ओव्या तर लाखाच्या घरात आहेत. त्यांतल्या कित्येक आता गाणाऱ्या बाईच्या नावागावासह घरबसल्या वाचता-ऐकता येतात.

नावागावासह, हे महत्त्वाचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेलेल्यांना तेथील पुस्तकांची आणि गाण्यांची दुकाने आठवत असतील. भीमगीतांच्या कॅसेट तेथून खेड्यापाड्यांत जात. वेष्टणावर गायकाचे, कवीचे, संगीतकाराचे नाव छापलेले असे. ज्या घरात दुसरे पुस्तक नव्हते त्या घरात ते वेष्टण वाचले जाई. पुढे सीडी आल्या, मग शेकडो गाणी भरलेल्या मेमरी कार्डांचा काळ आला. गाणी स्वस्त आणि मुबलक झाली, हा लाभ लहान नाही. पण वामनदादा कर्डकांसारख्या कवीची रचना 'ट्रॅक ०७' एवढ्याच नावाने वाजताना मी ऐकली आहे. ज्या कवीने आयुष्यभर पायपीट करून गाणी पोहोचवली, त्याचे नाव गाण्याच्या प्रवासातच गळून पडावे, हे मला एमपी-३ने गाळलेल्या आवाजापेक्षा मोठे नुकसान वाटते. तुम्ही गाणी उतरवून घेत असाल तर फाइलच्या नावात कवी आणि गायक लिहिण्याचे दोन मिनिटांचे कष्ट अवश्य घ्या. आणि इंटरनेटवर गाणे ऐकायला मिळणे म्हणजे ते आपल्याकडे असणे नव्हे, हेही ध्यानात ठेवा. करार संपला की ते तेथून नाहीसे होऊ शकते.

वडील गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांचे कपाट आवरत होतो. सर्वांत खालच्या खणात फडक्यात गुंडाळलेली 'कट्यार' सापडली. खाच्यांत वर्तमानपत्राचा तुकडा तसाच होता. दुसऱ्या बाजूच्या चिठ्ठीवरची छापील नावे एका सरळ रेघेने खोडून वडिलांनी शाईने लिहिले होते : 'ताई. जात्यावर.' मी मुद्रण केलेले त्यांनी ऐकले होते, जपले होते आणि त्याविषयी माझ्याशी एक अक्षरही बोलले नव्हते. माझ्या फाइली गेल्याचे मी त्यांना कधी सांगितले नव्हते, त्यामुळे त्यांनीही ही प्रत असल्याचे सांगण्याचा प्रसंग आला नसावा.

'कट्यार'ची पदे आज कोणालाही क्षणात मिळतात. त्यांच्यासाठी ती कॅसेट ठेवण्याचे कारण उरलेले नाही. पण या कॅसेटची दुसरी बाजू जगात एकच होती. ती मी घरी लावून पाहिली नाही. फीत जुनी झाली की चिकटते, आणि वाजवण्याच्या पहिल्याच प्रयत्नात तुटू शकते. एका ध्वनिमुद्रण कक्षात ती नेली. तेथील तरुणाने आधी फीत सावकाश पुढे-मागे गुंडाळून सैल केली, यंत्राचे डोके पुसले आणि न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये मुद्रण घेतले. जात्याची घरघर स्वच्छ आली. आत्याबाईचा 'डोरा'ही आला. प्रती तीन केल्या. एक माझ्याकडे आहे, एक मुलीकडे पुण्यास, एक आत्याबाईच्या नातवाकडे. फाइलच्या नावात तिचे पूर्ण नाव, गाव आणि साल आहे. कॅसेट पुन्हा खालच्या खणात गेली.

एका ठिकाणी त्या तरुणाने मला विचारले होते. ओव्या संपतात, कळ दाबल्याचा खट् असा आवाज येतो आणि पुसायचे राहून गेलेल्या फितीवर वसंतरावांची तान मध्येच, अर्ध्यातून सुरू होते. "सर, इथून पुढचं कापू का?" मी म्हटले, राहू दे.