चाल कुणाची?

आमच्या जोहे गावात जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट उपजतच कळते : गणपती लोकांचा, चिखल आपला! मूर्ती मुंबईला जाऊन मखरात बसते, लोक डोळे भरून पाहतात. पण त्या डोळ्यांची आखणी कुणी केली, हे विचारतो कोण?

नाटकाला चाली देणाऱ्याचं तेच. कारखान्यात रंगकाम चालू असताना 'कट्यार काळजात घुसली'मधलं पद लागलं की आमचे काका ब्रश थांबवून म्हणतात, "वाहवा, वसंतराव!"

"काका, चाल अभिषेकीबुवांची."

"असेल रे. पण गातायत वसंतरावच ना?"

आता काय बोलणार? १९२९ साली गोव्यातल्या मंगेशीला जन्मलेले जितेंद्र अभिषेकी स्वतः मैफली गाजवणारे गवई. जुन्या संगीत नाटकात नायक मरणाच्या दारातही दोन वन्समोअर घेऊन मगच आत जाई. बुवांनी १९६४च्या 'मत्स्यगंधा'पासून पदं आटोपशीर केली. जादा माती खरवडावी तशी जादा तान काढली. १९६७च्या 'कट्यार'मध्ये तर खाँसाहेब आणि पंडितजी यांचं भांडणच गायकीचं. दोन घराणी कानाला वेगळी कळायला हवीत, आणि दोन्ही घडवणारा हात एकच!

बुवा १९९८ साली गेले. आमची मूर्ती दीड दिवसात पाण्यात जाते. त्यांची चाल मात्र अर्धशतक उलटलं तरी पाण्यात गेलेली नाही. नावाचं तेवढं काकांना सांगत राहायला हवं.