बिनभोकाचे शिंपले

रोडपालीत इमारतीच्या पायासाठी खोल खणलं, की भरावाच्या मुरमाखालून जुन्या खाडीचा काळा चिखल वर येतो. त्यातला घमेलंभर मी घरी आणला, दोन दिवस बादलीत भिजवला आणि बारीक चाळणीत पाण्याच्या धारेखाली धरला. चिखल गेला, शिंपले उरले. एकाला बिजागरीजवळ मोहरीएवढं गोल भोक.

लाटांनी घासून असं भोक पडत नाही. भिंगाखाली त्याची कड उतरती दिसते, तोंडाशी रुंद, आत निमुळती. हे नॅटिसिड कुळातल्या शिकारी गोगलगाईचं काम. चिखलातच ती सावजाला आपल्या रुंद पायात गुंडाळते, स्राव सोडून कवच मऊ करते, दातेरी जिभेनं खरवडते, परत स्राव सोडते. एका भोकाला दोन-दोन दिवसही लागतात. म्युरेक्सच्या कुळातल्या गोगलगाईचं भोक बहुधा सरळ कडांचं असतं. कच्छच्या मायोसीन थरांतल्या, दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीच्या टरिटेला शंखांवरही ही उतरती कड मी पाहिली आहे. हाडांवरून प्राणी कळतो. इथे त्याचं वागणं दगडात राहिलेलं असतं.

सुरुवातीला मी भोकाचेच शिंपले वेचायचो. ती मोठी चूक होती. शिकार किती झाली हे बिनभोकाचे शिंपले मोजल्याशिवाय कळतच नाही. शिवाय एका जिवाची दोन झाकणं आणि भोक बहुतेक वेळा एकालाच. म्हणून सुटी झाकणं मोजून निम्मी करायची, मग हिशेब मांडायचा. शंभर सुट्या झाकणांत दहा भोकं म्हणजे पन्नास जिवांत दहांची शिकार. कंटाळवाणं आहे, पण या कामाचा प्रामाणिकपणा तिथेच आहे.

मध्यजीव काळात शिकारी वाढत गेले तशी कवचंही मजबूत होत गेली, हे जीवाश्मशास्त्रज्ञ गेराट व्हरमाय यांनी १९७७ साली मांडलं. ते लहानपणापासून अंध आहेत; शंख-शिंपले बोटांनी वाचतात. त्यांच्यामुळे मीही वेचताना मधूनच डोळे मिटतो.

परवा असंच नखाला काही अडलं. रोडपालीच्याच चिखलातला जाड, रेघांचा शिंपला. वर उथळ खळगा, खळग्याच्या मध्यभागी बारीकसा उंचवटा. गोगलगाईचं अर्धवट राहिलेलं भोक असंच दिसतं. शिंपला उलटा करून आतून अंगठा फिरवला. गुळगुळीत होता.