किसा गोतमी आणि अंगठी

किसा गोतमीची गोष्ट मी आजीकडून ऐकली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब आंबेडकरांसोबत धम्म स्वीकारलेल्या लाखोंमध्ये आजी होती. गेलेलं बाळ कडेवर घेऊन गोतमी औषध मागत फिरते. बुद्ध तिला सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही, त्या घरून मोहरी आण. मोहरी दारोदार मिळते, तसं घर मात्र मिळत नाही. सांगताना आजी त्या दारांशीच रेंगाळायची. कुणाचा नवरा गेलेला, कुणाची लेक.

कॉलेजात असताना, २००५ साली, 'स्टार वॉर्स'मधला 'रिव्हेंज ऑफ द सिथ' हा सिनेमा पाहिला. त्यातला तरुण योद्धा अ‍ॅनाकिन याला बायकोच्या मरणाची स्वप्नं पडतात. तो गुरू योडाकडे जातो आणि योडा सांगतो, जे गमावण्याची भीती वाटते ते सोडायला शीक. विहारात ऐकलेलंच सारं. तरीही अ‍ॅनाकिन पुढे क्रूर डार्थ व्हेडर होतो. असं का, हे माझे बाबा गेले तेव्हा उमगलं. सगळं अनित्य आहे, असं बरेच जण सांगून गेले. धीर दिला तो शेजारच्या काकूंनी. तरुण मुलगा गमावलेल्या काकू नुसत्या आईजवळ बसून राहिल्या. योडानं सांगितलं ते खरंच होतं, पण अ‍ॅनाकिन आपलं दुःख घेऊन एकटाच परतला. बुद्धांनी गोतमीला माणसांत पाठवलं.

मग 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा शेवट नव्यानं कळला. त्याचे लेखक टोल्किन श्रद्धाळू कॅथलिक. त्यांच्यावर मी बुद्ध लादत नाही. पण अंगठी नष्ट करायला एवढं सोसून ज्वालामुखीच्या काठाशी पोचलेल्या फ्रोडोच्या हातून ती सुटत नाही. तृष्णेची पकड अशीच असते. अंगठी नष्ट होते ती तिनंच पछाडलेल्या गॉलममुळे. त्याला मारणं सहज शक्य असताना आधी बिल्बो या फ्रोडोच्या नातलगानं आणि मग फ्रोडोनं दया येऊन जगू दिलेलं असतं. नुसती प्रज्ञा पुरत नाही, तिला शील, करुणा आणि मैत्रीची जोड हवी, असं बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मांडलं आहे. ते मला या प्रसंगात स्पष्ट दिसलं.

आता मी नागपूरजवळ बेसाला राहते. शेतं होती तिथे फ्लॅट स्कीम झाल्या. गावोगावची माणसं इथे शेजारी झाली, पण दारं बंदच असतात. मुलांसोबत हे सिनेमे पुन्हा पाहते, गोतमीची गोष्टही सांगते. आणि स्कीममध्ये कुणाकडे दुःख झालं, की मुलांना घेऊन त्या घरी जाते. सोडून देणं एकट्यानं शिकता येत नाही. दुसऱ्याच्या दुःखाशी बसल्यावरच आपली मूठ सैल होते, असं मी मानते.