नक्को म्हणणारा पोपट

हैदराबादला मुलाकडे राहायला आलो की पहिले काही दिवस माझे कान एकाच शब्दाशी अडतात. भाजीवाल्याकडे, रिक्षात, जिन्यात, सगळीकडे 'नक्को'. 'नक्को जी', 'नक्को रे', 'बातां नक्को करो'. दखनीतला हा 'नक्को' म्हणजे आपला मराठी 'नको'च. दौलताबाद, गुलबर्गा, विजापूर, गोवळकोंडा या मुलखात फौजा, बाजार आणि दर्गे यांच्या सहवासात जी भाषा घडली तिने बरेचसे उत्तरेकडून आणले, पण नकार मात्र मराठीच्या घरातून उचलला.

गेल्या खेपेला इथे सात-आठ महिने मुक्काम पडला, आणि हा 'नको' मला एका पाखराने पुन्हा शिकवला. त्याची ही हकिकत.

पोपटाला आमच्या गोव्यात कीर म्हणतात. भात पिकले की कुळागरावरून ओरडत जाणारे हिरवे थवे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. हा पोपट मात्र तसला नव्हे. देशी पोपट पकडणे, विकणे, घरी पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे अजून कितीतरी सुशिक्षित घरांना ठाऊक नसते. मुलाच्या घरी आला तो कॉकाटील, मूळचा ऑस्ट्रेलियातला. मैनेएवढा, राखाडी अंगाचा, डोक्यावर पिवळसर तुरा आणि गालावर नारिंगी ठिपका. त्या ठिपक्यावरून माझ्या नातीने त्याचे नाव टिकलू ठेवले. सुनेची एक सहकारी नोकरीनिमित्त परदेशी गेली, आणि जाताना पिंजऱ्यासकट हे पाखरू हवाली करून गेली. देताना म्हणाली, "थोडा घाबरट आहे."

थोडा! पिंजऱ्यातली वाटी बदलायला हात आत गेला की टिकलू मागच्या गजांवर जाऊन आदळायचा. तुरा डोक्याला चिकटलेला, चोच उघडी, आणि त्यातून सापासारखा फुत्कार. रात्री अंधारात कशाने तरी दचकून सगळा पिंजरा दणाणून सोडायचा. हा प्रकार कॉकाटीलमध्ये नेहमीचा असतो असे पुढे कळले. कोपऱ्यात लहानसा दिवा रात्रभर ठेवायला लागलो तेव्हा तो बराच थांबला. त्याच्या दोन्ही पंखांची मोठी पिसे कापलेली होती. दुकानात हातमोजा घालून पकडायचे, पिसे कापायची आणि खोक्यात घालून गिऱ्हाईकाच्या हाती द्यायचे, अशी त्याची माणसाच्या हाताशी झालेली पहिली ओळख. पुढच्या घरातही हात आला तो पकडायलाच. त्याने हाताविषयी जे मत केले होते ते अनुभवावरच केले होते.

सल्ले देणाऱ्यांची वाण नव्हती. एक म्हणाला, दोन दिवस उपाशी ठेवा, तिसऱ्या दिवशी मुकाट हातावर येतो. दुसऱ्याने सांगितले, टॉवेलात गुंडाळून हातात धरून बसा. धडपडेल, ओरडेल, पण शेवटी गप्प होईल. गप्प झाला की माणसाळला. सुनेने दोन्ही सल्ले बाजूला ठेवले आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी जे सांगितले ते मला महत्त्वाचे वाटते. धडपड थांबणे आणि भीती जाणे या वेगळ्या गोष्टी. १९६७ साली अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके काही केल्या चुकवता आले नव्हते, त्यातली बरीचशी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागची हलली नाहीत. काहीही केले तरी उपयोग नाही, एवढेच ती शिकली होती. टॉवेलात गप्प झालेला पक्षी आपल्याला शहाणा वाटतो खरा, पण त्याच्या छातीचे ठोके मोजायला कोण जातो?

याच सुमारास गोवळकोंड्याच्या दरबारातला एक पोपट मला आठवला. मुलाचे घर लंगर हौजकडे, किल्ल्याच्या अंगाला. या गोवळकोंड्यात अब्दुल्ला कुतुबशहाच्या काळी गव्वासी नावाचा कवी होऊन गेला. त्याने १६३९ साली दखनीत 'तूतीनामा' रचला, म्हणजे पोपटाची कथा. चौदाव्या शतकातल्या नख्शबीच्या फारसी 'तूतीनामा'वरून ती आली, आणि त्याचे मूळ आपल्या संस्कृत 'शुकसप्तती'त. मराठीतही जुनी 'शुकबहात्तरी' आहेच. नवरा परगावी गेलेला, बायको रात्री प्रियकराकडे निघालेली, आणि पिंजऱ्यातला पोपट रोज एक गोष्ट सांगून तिला पहाटेपर्यंत गुंतवून ठेवतो.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्या सुरुवातीकडे आपण फारसे लक्ष देत नाही. त्या घरात पोपटाबरोबर एक मैनाही असते. ती बाईला सरळ सांगते, जाऊ नकोस, हे बरे नव्हे. फारसी कथेत बाई त्या मैनेला तिथेच मारून टाकते. पोपट हे बघतो आणि मग गोड बोलायला लागतो. म्हणजे आपण ज्याच्या वाक्चातुर्याचे इतके कौतुक करतो, तो एक घाबरलेला पक्षी आहे. पिंजऱ्यात राहून 'नको' म्हटले की काय होते ते त्याने पाहिले आहे, म्हणून तो रात्रभर बोलतो.

आपल्या एकूण संस्कृतीनेच पोपटाला बोलायला लावले आहे. मंडनमिश्रांच्या दारातले पोपट म्हणे वेदांच्या प्रामाण्यावर वाद घालत. मीनाक्षीच्या हातावर पोपट, गोदादेवीच्या हातावर पोपट, कामदेवाला तर वाहनच पोपटाचे. व्यासपुत्राचे नाव शुक. आणि अर्थ न कळता बडबडणाऱ्याला आपण 'पोपटपंची' म्हणून हिणवतो. तीही बोलण्याचीच गोष्ट. पोपट घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला, 'बोलतो का?' नातीनेही पहिल्या दिवशी पिंजऱ्यासमोर उभे राहून 'मिठू मिठू'चा जप चालवला होता. टिकलू त्या वेळी बोलतच होता. आमच्यापैकी कोणाला ती लिपी येत नव्हती इतकेच.

ती लिपी पिसांची. कॉकाटीलचा तुरा म्हणजे तर उघडे पुस्तक. अर्धवट वर, टोकाशी किंचित वळलेला असला की स्वस्थ. ताठ उभा म्हणजे सावध. मागे डोक्याला चापून बसवलेला म्हणजे आता पुढे येऊ नका. अंगाची पिसे घट्ट आवळून पक्षी एकाएकी बारीक दिसू लागला, तर तो उडण्याच्या तयारीत असतो. एक पाय पोटात घेऊन उभा राहिला किंवा चोच चोचीवर हलकेच घासू लागला, तर त्याला झोप येते आहे, म्हणजे तो निर्धास्त आहे. नातीने एक वही केली आणि त्यात रोज तुऱ्याचे चित्र काढून वेळ घालू लागली.

मग फरशांचे गणित सुरू झाले. पिंजरा भिंतीला लावून छातीच्या उंचीवर ठेवला, म्हणजे मागून कोणी येण्याची धास्ती नको. पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. शिकार होणाऱ्या प्राण्यांचे ते तसेच असतात, चौफेर नजर राहावी म्हणून. दोन्ही डोळे समोर रोखून बघणे ही शिकाऱ्याची रीत, आणि वरून खाली येणारा पंजा ही शिक्र्याची. आपण मायेने वरून हात नेतो आणि टक लावून बघतो, तेव्हा आपण काय दिसत असू याचा विचार करा. म्हणून मी खुर्ची तिरकी टाकून बसायचो आणि गोव्याहून आणलेला दिवाळी अंक हळू आवाजात वाचायचो. सातव्या फरशीवर खुर्ची असली तर तुरा अर्धा. पाचव्या फरशीवर ताठ. तर मुक्काम सहाव्या फरशीवर. तिथे तो खाऊ लागला, पिसे साफ करू लागला, की खुर्ची अर्धी फरशी पुढे. दुसऱ्या फरशीवर पोचायला तीन आठवडे लागले.

पुढे आमिष आले. राळ्याचे कणीस कॉकाटीलला फार प्रिय. राळ्याला इथे कोर्रलू म्हणतात, आणि दाणे कुठल्याही किराण्यात मिळतात. अख्खे कणीस मात्र पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानातून आणावे लागते. लांब कणीस गजांतून पुढे करायचे. त्याने शेंड्याचे दाणे खाल्ले की दुसऱ्या दिवशी किंचित आखूड धरायचे. सुनेचा नियम एकच होता, तो मागे झुकला की आपण आधी मागे व्हायचे. खायला दिले म्हणून त्याने जवळ आलेच पाहिजे अशी अट नाही. त्यानंतर बांबूची एक काडी आली. काडीच्या टोकाला त्याने आपणहून चोच लावली की 'शाब्बास' म्हणून सूर्यफुलाची एक बी. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटे, आणि तो कंटाळण्याआधी थांबायचे. काडीमागून तो पिंजऱ्यात इकडून तिकडे जाऊ लागला, मग दाराशी, मग दाराबाहेर.

हे चालते कशामुळे, यावर मी पुष्कळ विचार केला. माझी समजूत अशी की मागे झुकणे हा पक्ष्याचा छोटा 'नको' असतो, आणि चावणे हा मोठा. छोटा 'नको' कोणी ऐकत नाही असे दिसले की तो मोठ्यावर येतो. छोटा ऐकला जातो अशी खात्री पटली की मोठ्याची गरजच उरत नाही. टिकलूची कापलेली पिसे मोसमात गळून नवी आली तेव्हा शेजारी म्हणाले, आता पुन्हा कापून घ्या, नाहीतर हाती लागायचा नाही. सुनेने घराच्या खिडक्यांना जाळ्या लावून घेतल्या आणि पिसे राहू दिली. झाले उलटेच. उडून पडद्याच्या दांडीवर जाता येते हे कळल्यावर तो जवळ येऊन बसायला धजावू लागला.

आषाढात बोनालू आले. या उत्सवाची सुरुवातच गोवळकोंड्याच्या जगदंबेपासून होते आणि मिरवणूक लंगर हौजवरून वर चढते. ढोल-डफांचा कडकडाट, आसूड उडवत नाचणारे पोतराजू. आम्ही पिंजरा आतल्या खोलीत नेला होता, तरी टिकलू दोन दिवस खाली पिंजऱ्याच्या तळाशी बसून होता. खुर्ची पुन्हा पाचव्या फरशीवर गेली. नात रडवेली झाली. पण या वेळी दुसऱ्या फरशीवर यायला तीन आठवडे लागले नाहीत, पाच दिवस पुरले. एकदा जडलेला विश्वास धक्क्याने मोडला तरी त्याची वाट राहते, हे त्या पाच दिवसांत दिसले.

ॲलेक्स नावाच्या आफ्रिकी पोपटाची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. आयरिन पेपरबर्ग यांनी १९७७ साली शिकागोच्या एका दुकानातून तो घेतला. तोही जाळ्यात पकडूनच त्यांच्या हाती आला, आणि सुरुवातीला तोही भेदरलेला होता. पुढे तो रंग, आकार, सहापर्यंत अंक सांगू लागला. २००७ साली तो गेला तेव्हा जगभर बातम्या आल्या. मला मात्र त्याच्या अंकांपेक्षा आणखी एका गोष्टीचे अप्रूप वाटते. कंटाळा आला की तो 'नको' म्हणायचा, आणि मला परत जायचे आहे असेही सांगायचा. माणसाचे शब्द हाती आल्यावर पोपटाने ते यासाठीही वापरले. आणि त्याला परत नेऊन सोडणारी माणसे त्याला भेटली होती.

टिकलू आता मनगटावर येतो. खांद्यावरही बसतो, चष्म्याची काडी कुरतडतो. कुरवाळून घेणे त्याला अजून मान्य नाही, आणि कदाचित कधीच होणार नाही. मिठू म्हणत नाही. कुकरच्या शिट्टीची नक्कल मात्र हुबेहूब करतो, त्यामुळे सून दोनदा गॅस बंद करायला धावली. संध्याकाळी बाहेरून हिरव्या पोपटांचा थवा ओरडत जातो तेव्हा तुरा उभारून खिडकीकडे बघत राहतो. त्या वेळी त्याच्या मनात काय असते ते त्याच्या पिसांतूनही मला वाचता आलेले नाही.

घरी पाहुणे येतात, 'बोलतो का?' विचारतात आणि गजांतून बोट आत घालायला जातात. नात धावत येऊन त्यांचा हात धरते. "नक्को म्हणतोय तो," अशी हैदराबादी थाटात समज देते. पाहुणे इकडे तिकडे बघतात. त्यांना काहीच ऐकू आलेले नसते.